रंग पाहणाऱ्या विशाखाबाई

सिंदेवाहीच्या बाजारात तांदळाच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून उभा होतो, तेव्हा फोन वाजला. दुकानदार कुरकुरत होता, "काका, वरचाच पाहा ना, सारा एकच आहे." मी ऐकत नव्हतो. पोतं असो की मालगाडीचा डबा, वरचं पाहून खालचं सांगायचं नाही, ही खोड मला ज्या बाईंनी लावली, त्यांच्याच मुलीचा, सुजाताचा, तो फोन होता. "काका... आई गेली." हात पोत्यातच राहिला. दुकानदारानं स्टूल पुढे सरकवलं.

विशाखाबाई चंद्रपूरकडच्या एका कोळसा खाणीच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होत्या आणि मी तिथेच डिस्पॅचला, म्हणजे कोळसा गाड्यांत भरून वीज केंद्रांकडे रवाना करणाऱ्या कार्यालयात. त्या नागभीडकडच्या, धानाच्या बांध्यांवरून चालत शाळेत गेलेल्या, घरातल्या पहिल्या बी.एस्सी. आमची ओळख झाली ती भांडणातून. गाडी भरून उभी, इंजिन लागलेलं, आणि बाईंचा नमुना अजून व्हायचाच आहे! डब्यात खणून आतला कोळसा काढायचा, तो फोडून ढीग करायचा, ढीग चपटा करून त्याचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकायचे, उरलेल्याचा पुन्हा ढीग... असं करत करत शेवटी बचकभर भुकटी उरते आणि ती आख्ख्या गाडीच्या वतीनं बोलते. मी वैतागून म्हणायचो, "बाई, एखादं चांगलं ढेकूळ उचला अन् मोकळं करा आमाले." त्या मानही वर करत नसत. "चांगलं ढेकूळ तं कोनीबी दाखवते, भाऊ. मले गाडी पाहाची आहे."

कोळसा जितका जुना तितका त्याचा ग्रेड वर, अशी माझी ठाम समजूत होती आणि मी ती चारचौघांत सांगतही असे. बाईंनी एकदा मला बाजूला घेतलं. "वय वेगळं अन् ग्रेड वेगळा, भाऊ." मग चहा थंड होईपर्यंत समजावलं. लिग्नाइट पोरसवदा, ओलसर. अँथ्रासाइट सगळ्यांत मुरलेला. आपल्याकडचा या दोघांच्या मधला. हे सारं जमिनीनं कोट्यवधी वर्षांत ठरवलेलं, त्यात कोणाचं काही चालत नाही. ग्रेड ठरतो तो जळताना कोळसा उष्णता किती देतो त्यावर, सगळ्यांत वरच्या जी-एकपासून थेट तळाच्या जी-सतरापर्यंत. एकाच वयाचे दोन थर असले तरी ज्यात माती जास्त मिसळली, त्याची राख जास्त, म्हणून तो पायऱ्या उतरतो. आमच्या खाणीचा कोळसा काही वरच्या पायऱ्यांवरचा नव्हता. बाईंना त्याची लाज नव्हती, उलट घरच्या माणसासारखी माया होती. मी एकदा चेष्टेनं विचारलं, "बाई, माझा ग्रेड कोनता?" त्यांनी मला चष्म्यावरून खालपासून वरपर्यंत निरखलं आणि म्हणाल्या, "तुमच्यात ओल लय आहे, भाऊ. वाळवल्याशिवाय काही सांगता येत नाई." सगळी प्रयोगशाळा खो-खो हसली. मी पुढे बरेच दिवस तिकडे चहाला फिरकलो नाही.

ओलीवरूनच पुढे ते सगळं घडलं. कोळशातली ओल मोजायची तर नमुना भट्टीत वाळवतात, झाकणबंद जाड काचेच्या भांड्यात थंड करतात आणि मग वजन करतात. त्या भांड्याच्या तळाशी सिलिका जेलचे निळे दाणे असतात. ते हवेतली ओल पितात आणि पोट भरलं की गुलाबी होतात. दाणे गुलाबी झाले की भांडं कुचकामी. नमुना थंड होता होता पुन्हा ओल ओढतो, आणि कोळशात ओल होती त्याहून कमी दिसते. ओल कमी दिसली की ग्रेड उगाच वर चढतो. एका पावसाळ्यात नव्या थराचा कोळसा बाईंच्या सहीनं एक पायरी वर लागला. खाणीचे साहेब खूश. प्रयोगशाळेचं प्रमुखपद रिकामं होणार होतं आणि त्यासाठी नाव बाईंचंच होतं. बाईंना ते पद हवं होतं, अगदी मनापासून. खोटं कशाला सांगू? आणि नेमके तेव्हाच त्यांना भांड्यातले दाणे दिसले. गुलाबी!

मी गाड्यांचं वेळापत्रक घेऊन साहेबांसमोर उभा होतो. बाई ते भांडं दोन्ही हातांत धरून आत आल्या आणि त्यांनी ते टेबलावर ठेवलं. "साहेब, माझा रिपोर्ट चुकला. मी थो वापस घेऊन राह्यली." साहेब परप्रांतीय, स्वभावानं वाईट नव्हते. ते हसले. "मैडम, रंग कौन देखने आ रहा है?" बाई म्हणाल्या, "मी पाहून राह्यली ना, साहेब." आवाज जराही चढला नव्हता. पुन्हा तपासणी झाली, ग्रेड खाली आला, आणि प्रमुख म्हणून दुसऱ्याच खाणीतला माणूस आला. मला भयंकर राग आला होता, आजही येतो. ती बातमी आली त्या दुपारी बाईंनी डबा उघडला, वांग्याची भाजी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, "रडाले येऊन राह्यलं मले, भाऊ. पन आधी जेवून घेऊ."

प्रमुख त्या कधीच झाल्या नाहीत. पण पुढे वीज केंद्रवाले एखाद्या गाडीवरून हुज्जत घालू लागले की शेवटी विचारायचेच, "विशाखाबाईंनी पाहिलं का?" हो म्हटलं की विषय संपायचा. एवढा मान मी कोणत्या खुर्चीला मिळालेला पाहिला नाही.

निवृत्तीला हाताखालच्या पोरींनी शालीबरोबर गंमत म्हणून त्यांना निळ्या दाण्यांची बाटली दिली. ती बाटली बाईंनी समोरच्या खोलीत खिडकीत ठेवली. तिचं झाकण सैल होतं. पावसाळ्यात दाणे गुलाबी होत, मग बाई एका जुन्या कढईत ते मंद आचेवर परतत. त्या कढईवर रंगानं फुली मारलेली. "खायाच्या कामाची नाई हे," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावत. मी म्हणायचो, आता कोणता कोळसा जोखायचा राहिलाय? त्या नुसत्या हसायच्या. शेवटचं भेटलो तेव्हा पलंगावरून उठवत नव्हतं, तरी बाटली उशाशी मागवून घेतली होती...

परवा सुजाताकडे गेलो. खोली आवरून झाली होती, खिडकीत बाटली तशीच. दाणे पार गुलाबी. सुजाता म्हणाली, "काका, हे टाकून देऊ म्हनते." मी फुलीची कढई मागितली. दोघं ओट्यापाशी उभे राहिलो. आधी काहीच होईना. मग कडेचे दाणे जांभळट झाले, मग मधले, आणि बघता बघता सगळी कढई निळी. सुजातानं तोंडावर पदर धरला. माझंही काही ठीक नव्हतं. बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, ओल लय आहे.

दाणे निवल्यावर मी ते बाटलीत भरले आणि झाकण घट्ट लावलं. सुजातानं डोळे पुसत विचारलं, "काका, आता रोज याचा रंग कोन पाहन?"

बाटली मी पिशवीत ठेवली. म्हणालो, "मी पाहून राह्यलो ना."