मोठ्या पप्पांचं सोवळं

बायबलातल्या नियम देणाऱ्या मोशेनंतर शुद्ध-अशुद्धाचा इतका बारीक विचार आमच्या चुलतसासऱ्यांखेरीज कुणी केला असेल, असं मला वाटत नाही. घरात सगळे त्यांना मोठे पप्पा म्हणत. चाकणच्या एका कंपनीत सुटे भाग तपासण्यात त्यांची नोकरी सरली, आणि निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही म्हणून त्यांनी थेरगावचं आमचं घर तपासायला घेतलं. नियम मात्र कंपनीचे नव्हते, बायबलातल्या लेवीय पुस्तकातले होते. खवले असलेलीच मासळी खायची, म्हणून बाजारात मासेवालीपुढे उकिडवे बसून ते एकेका माशावरून नख उलटं फिरवत. कोळंबी या घरात कधी शिजली नाही; ती मी माहेरी जाऊन खात असे. पाल पडली तर धातूचं भांडं धुवायचं, मातीचं फोडायचं. एका उन्हाळ्यात पाल माठाच्या नुसत्या झाकणावरून गेली, तर त्यांनी भरला माठ गॅलरीत नेऊन फोडला आणि दिवसभर आम्हाला नळाचं कोमट पाणी पाजलं. पावसाळ्यात भिंतीला बुरशी धरली, तेव्हा त्याच पुस्तकातल्या याजकाच्या, म्हणजे पुरोहिताच्या, अधिकारानं त्यांनी गिलावा असा खरवडला, की पलीकडच्या बिऱ्हाडातलं घड्याळ खाली आलं.

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी एकदा चहा पिता पिता समजावून पाहिलं, की हे सगळं जुन्या करारातलं, प्रभूनं आपल्याला त्यातून मोकळं केलंय. मोठे पप्पा शांतपणे म्हणाले, "नवा करार मला मान्य आहे, साहेब. जंतूंना कुठं मान्य आहे?"

अशा माणसाच्या घरात माझ्या मनगटावर पांढरा डाग उमटला. डॉक्टर म्हणाले कोड आहे, कुणाला लागत नाही. तरी ऑफिसच्या कँटीनमध्ये माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. घरी सासूबाईंनी लांब बाह्यांचे कुडते आणून दिले. कारण मोठे पप्पा. डाग असलेल्याला वस्तीबाहेर ठेवावं, असं त्याच पुस्तकात आहे, हे त्यांच्याच कृपेनं आम्हाला पाठ होतं.

एका सकाळी पीठ मळताना बाही वर सरकली आणि दारात नेमके मोठे पप्पा. "खिडकीपाशी ये," म्हणाले. चष्मा लावून माझा हात त्यांनी उलटासुलटा करून पाहिला, कंपनीत माल पाहत असतील तसा. मग बायबल काढून बराच वेळ ओळींवरून बोट फिरवत राहिले. सासूबाई पदराचं टोक चावत उभ्या होत्या, मी पिठाचा हात पुढे धरून.

"फिकट आहे, खोल नाही," ते अखेर म्हणाले. "असा माणूस शुद्ध. लिहिलेलं आहे."

"आणि लिहिलेलं नसतं तर?" मी विचारलं.

त्यांनी बायबल मिटलं. "तर परत वाचलं असतं."

त्या रविवारी चर्चच्या प्रीतिभोजनात ते पुरुषांची पंगत सोडून माझ्या शेजारी येऊन बसले आणि चार लोकांदेखत माझ्या ताटातला भात उचलून खाल्ला. दुसऱ्याच्या ताटाला हात लावताना मी त्यांना प्रथमच पाहत होते. त्यांना तो फारसा आवडला नसावा. पण चावून चावून संपवला.

शेवटच्या आजारपणात ते घास माझ्याच हातून घेत. हात धुतलास का, हे मात्र प्रत्येक घासाला विचारत. मला राग यायचा. आता विचारणारं कुणी नाही.