पाण्याखालचं गाव दाखवणारा दत्ता

बारामतीच्या स्टँडवर निमगाव केतकीची एसटी लागली होती. मी चढणार, तेवढ्यात वर्गातली शैला धावत आली. "दत्तादादा गेला..." एवढंच म्हणाली. कावीळ वाढली, पुण्याला हलवलं, इतकं ठाऊक होतं. पण तो परत येणार, हे मी धरूनच चालले होते. त्याला जाऊन आता दीड महिना झाला.

दत्ता शेळगावचा. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, वडिलांनी शेती धरली, आणि हा नकाशे शिकला. कॉलेजात कॉम्प्युटरवर नकाशे काढणं नुकतंच सुरू झालं होतं. सर एकटे, म्हणून पुढच्या वर्षाच्या मुलांनी मागच्यांना शिकवायचं ठरलं आणि मी त्याच्या वाट्याला आले. कागदी नकाशा कॉम्प्युटरला जोडलेल्या मोठ्या पाटावर चिकटवायचा, हातातल्या यंत्रानं ओढे, रस्ते गिरवत न्यायचे, की रेघ पडद्यावर उमटते. पहिल्या दिवशी माझी रेघ इतकी भरकटली की नीरा नदी शेतातून गेली. "मला नाही जमायचं दादा, मी सोडते," मी म्हटलं. तो हसला नाही. "पूस की. कागदावर खोडलं तर डाग ऱ्हातो, हितं ऱ्हात न्हाय. परत काढ."

उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी उतरलं तेव्हा तो आम्हाला पळसदेवला घेऊन गेला. जुनं देऊळ वर आलं होतं. काठावर जाळं सुकवणाऱ्या एका तात्यांचं घर धरणात गेलेलं. "तुमच्या कॉम्प्युटरात माझं घर हाय का रं?" त्यांनी विचारलं. "जुन्या नकाशात असंल तात्या. या बारामतीला, दावतो." आम्हाला वाटलं, बोलायचं म्हणून बोलला. पण पुढे कित्येक दिवस तो आम्हाला शेजारी बसवून धरणाआधीच्या नकाशावरून ते गाव गिरवत राहिला... आणि तात्या खरंच आले. पडद्यावर सगळं निळं. दत्तानं पाण्याचा थर बंद केला, तशा खालून गल्ल्या, विहीर, देवळाची वाट वर आली. तात्या नाक लागेल इतके वाकले. मग ते म्हणाले, "झाकून टाक पोरा. उघडं बघवत न्हाय."

संध्याकाळी दत्ता मला म्हणाला, "त्यास्नी बरं वाटंल म्हणून केलं गं मी... आधी इचारायला पायजे हुतं." तेव्हापासून कुठलंही गाव काढायला देताना तो आधी तिथल्या माणसांशी बोलून यायला सांगायचा. हिवाळ्यात त्याचे डोळे पिवळे दिसू लागले. विचारलं तर म्हणायचा, जागरण झालंय.

आता मागच्या वर्षाची मुलं माझ्याकडे आहेत. "ताई, कुठं चुकलं?" विचारतात. मी तोंड उघडते आणि त्याचा आवाज येतो. दचकून मीच मागं वळून बघते. आम्ही दोघांनी गिरवलेल्या नकाशाची फाइल उघडली की आणखी वाईट. एखाद्या ओढ्यावर कुठंतरी त्याचा हात थांबला आणि माझा सुरू झाला. तो सांधा मला आता सापडत नाही.

परवा शेळगावला त्याच्या घरी गेले. भिंतीवर फोटोच्या जागी त्यानं छापून आणलेला गावचा नकाशा होता.

"फोटो काढायचा ऱ्हाऊनच गेला बघ," त्याच्या आई म्हणाल्या. "ह्यात आमचं घर कुठं हाय गं? त्यानं दावलं हुतं, माझ्या ध्यानात न्हाय."

मी एका ठिपक्यावर बोट ठेवलं. त्यांनी ते हलकेच बाजूला सारलं आणि तिथं आपलं ठेवलं. मी निघाले तेव्हाही त्या तशाच उभ्या होत्या.