पाठीवरचं बटण

सुगंधा घाडीच्या उजव्या अंगठ्यावर नखाच्या कडेने खाली उतरणारा एक पांढरा व्रण आहे. तो कसा झाला असं विचारलं की साकीनाक्याच्या गाळ्यातले लोक सांगतात, डाव्या हाताने कटर चालवला म्हणून. सुगंधा सांगते, कटर चुकीचा बनवला होता म्हणून. या दोन उत्तरांवरून तिचं शेठपासून सासूपर्यंत सगळ्यांशी वाजलं, आणि ती एकदाही मागे हटली नाही. हटली ती फक्त एकदा, आणि तेव्हाच वाट लागली.

चंद्रप्रकाशशेठच्या गाळ्यात पुठ्ठा, रेक्झिन, कार्पेट कापायचे कटर बनतात. प्लॅस्टिकची मूठ, मुठीत खाच, खाचेत पुढेमागे सरकणारं पातं आणि ते सरकवायला बटण. मुठी मशीन काढतं, जोडणी बायका करतात. सुगंधा जोडणीच्या बाकावर बरीच वर्षं बसलेली. जोडलेल्या कटरने पुठ्ठ्याची एक पट्टी कापून पाहायची आणि मग तो डब्यात टाकायचा, ही तिथली पद्धत.

ती जन्माची डावखुरी. लहानपणी वडील जेवताना तिचा डावा हात पंच्याने पाटाला बांधायचे. हात बांधला की ती तोंड मिटून घ्यायची आणि ताटाकडे बघतसुद्धा नसे. शेवटी वडीलच दमले. लग्न होऊन असल्फ्याच्या टेकडीवर आली तेव्हा सासूने, सुंदराबाईंनी, पहिल्याच आठवड्यात तह केला: चिरायचं, घासायचं, लाटायचं ते कुठल्याही हाताने कर, वाढायचं मात्र उजव्याने. मालक, म्हणजे सुगंधाचे सासरे, गिरणीत असल्यापासून सुंदराबाईंच्या पंगतीला कुणी डाव्या हाताने वाढलं नव्हतं. सुगंधाने मान्य केलं. विळीवर तिचं झकास चालायचं. विळीचं पातं उभं असतं, भाजी आपण न्यायची, डावीकडून न्या की उजवीकडून. कटरचं तसं नव्हतं. त्याचं बटण मुठीच्या एका बाजूला. उजव्या हातात धरला की ते बरोबर अंगठ्याखाली यायचं. डाव्या हातात धरला की बोटांच्या पेरांखाली जायचं, आणि जोर लावला की दाबलं जाऊन पातं आपल्या मनाने सरकायचं.

तसंच ते एकदा सरकलं आणि पुठ्ठा धरलेल्या अंगठ्यात शिरलं. शेजारच्या कुंदाने फडकं गुंडाळलं, शेठ धावत आले.

"किती वेळा सांगितलं तुला, उजव्या हाताने चेक कर."

"शेठ, माझा हात जन्माचा आहे. तुमचा कटर परवाचा आहे. कटर बदला."

"एका बाईसाठी मोल्ड बदलू?"

"मी एकटीच डावखुरी आहे का मुंबईत?"

शेठनी टाके घालून आणले आणि विषय संपला असं धरलं. सुगंधाने तसं धरलं नाही.

पुढे भिवंडीच्या गोदामांना सामान पुरवणारा अनिरुद्ध नावाचा माणूस आला. त्याला आपोआप आत जाणारं पातं हवं होतं. गोदामातले लोक पातं उघडं ठेवून कटर खिशात टाकतात आणि मांडी कापून घेतात, असं त्याचं म्हणणं. बटण सोडलं की स्प्रिंगने पातं आत गेलं पाहिजे. शेठनी नमुना बनवायचं काम मिथुनला दिलं. मिथुन गोवंडीहून यायचा, मोल्ड बसवण्यात आणि घासण्यात त्याचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत सुगंधा डबा घेऊन त्याच्यासमोर जाऊन बसली.

"नवीन करतोच आहेस तर बटण पाठीवर घे."

"पाठीवर म्हणजे?"

"पात्याच्या धारेच्या उलट बाजूला. वर. अंगठा उजवा असो की डावा, वर येतोच ना."

"आणि स्प्रिंग कुठे बसवू, तुझ्या डोक्यावर?"

"बटणाच्या मागे. जागा आहे. मी मापून बघितलं."

"वेडी आहेस तू सुगंधाताई," मिथुन म्हणाला, पण त्याने भाजीचा घास तोंडात ठेवूनच एक जुनी मूठ कापायला घेतली. पहिल्या नमुन्याची स्प्रिंग सुगंधाच्या हट्टाने इतकी ताठ घातली की चार पट्ट्या कापून अंगठा दुखायला लागला. "तुझीच आयडिया," असं म्हणत मिथुनने तो फेकून दिला. पुढचा मात्र जमला. शेठनी दोन्ही हातांत धरून पाहिला आणि पसंत केला. अनिरुद्ध दसऱ्यानंतर बघायला येणार असं ठरलं.

मध्ये खंडेनवमी आली. त्या दिवशी गाळ्यात काम बंद. मशीन धुऊन पुसून हार घालायचा, पाने, हातोड्या, कानशी चौरंगावर मांडायच्या, प्रत्येक हत्याराला हळदकुंकू लावायचं आणि तेलाचा एक थेंब सोडायचा. मग दसरा होईपर्यंत कुणी कशाला हात लावायचा नाही. मिथुन बौद्ध. तो पेढा खायचा, हात जोडायचा नाही, आणि शेठनीही त्याला कधी जोडायला लावले नव्हते. शेठनी या वर्षी नवा नमुना चौरंगाच्या मधोमध ठेवला आणि म्हणाले, "याला सुगंधाच कुंकू लावेल."

तिने डाव्या हाताने चिमूट उचलली.

"उजव्याने गं," कुंदा कुजबुजली. "पूजा आहे."

एरवी सुगंधाने तिला दोन शब्द सुनावले असते. पण चौरंगावर तिचा कटर होता. त्याचं काही वाईट होऊ नये, असं तिला आतून वाटलं. तिने ताट हलवून चिमूट उजव्या हातात घेतली. पळीने वाढणं वेगळं, चिमूट नेमकी सोडणं वेगळं; त्या हाताला ती सवय नव्हती. हळद मुठीवर नीट लागली, कुंकू मात्र अर्धं बटणावर पडलं आणि अर्धं बटणामागच्या खाचेत. तिने फुंकर मारली, पदराने वरवर पुसलं. वरून स्वच्छ दिसलं. शेठनी मागून तेलाचा थेंब सोडला.

अनिरुद्ध आला. त्याने बटण पुढे सारलं, पुठ्ठा कापला, अंगठा उचलला. पातं बाहेरच राहिलं. त्याने मूठ झटकली. आपल्याला आत कुणी बोलावलंच नाही, अशा थाटात पातं उभं.

"हेच तर मला नको होतं, शेठ."

मिथुनने मूठ उघडली. आत तेलात भिजलेल्या कुंकवाचा लालभडक लगदा. कुंदाने तोंडावर हात दाबला तरी हसू फुटलंच.

"पूजेत मी नव्हतो हां," मिथुन म्हणाला. "माझ्यावर ढकलू नका."

"मी लावलं," सुगंधा म्हणाली. "माझ्या हातून सांडलं."

"कुंकू जाऊ दे हो बाई," अनिरुद्ध शांतपणे म्हणाला. "माझ्या गोदामात पुठ्ठ्याची धूळ याच्या दसपट असते. उन्हाळ्यात श्वास घेता येत नाही. चिमूटभर कुंकवाने अडणारा कटर तिथे दोन दिवस टिकणार नाही. सोमवारी येतो. चालणारं काहीतरी दाखवा, नाहीतर मी दुसरीकडे बघतो."

तो गेल्यावर शेठ मिथुनकडे वळले. "बटण बाजूला घे. जुना साचा आहे, त्यात स्प्रिंग तेवढी बसव. पाठीवरचं आता बंद."

"दोन्ही ठेवा त्यांच्यापुढे," सुगंधा म्हणाली.

"एकच ठेवणार. तू जोडणी कर बाई, डोकं नको चालवूस."

मिथुनने खाली मान घातली. त्याचाही इलाज नव्हता, त्याला सांगितलं ते करायचं होतं. सुगंधाने लाल नमुना उचलून पर्समध्ये टाकला. कुणी अडवलं नाही. टाकाऊ मालाला कोण अडवतो.

रविवारी तिने तो जुन्या टूथब्रशने धुतला, वाळवला आणि ओट्यावर घेऊन बसली. आधी खाचेत रांगोळी टाकली. अडकलं. मग उदबत्तीची राख टाकली. अडकलं. मग बेसन.

"काय गो," सुंदराबाई बाजेवरून म्हणाल्या, "बेसन भज्यांका आणलला. सुरयेक कसला भरवतंस?"

"कुठे अडतं ते बघते, आई."

अडत होतं ते दर वेळी एकाच जागी. पातं आत येताना बटण सगळी भुकटी मागे लोटायचं आणि खाचेचं मागचं टोक बंद असल्यामुळे ती तिथे ठासून बसायची. मग बटणाला मागे यायला जागाच उरायची नाही. दोष स्प्रिंगचा नव्हता, कुंकवाचाही नव्हता. आलेल्या धुळीला जायला वाट नव्हती, आणि ती वाट ठेवायचं ना मिथुनला सुचलं होतं ना तिला. सुगंधाने नवऱ्याचा, प्रीतमचा, स्क्रूड्रायव्हर गॅसवर लाल केला आणि खाचेच्या मागच्या टोकातून आरपार घातला. जळक्या प्लॅस्टिकचा वास घरभर झाला. सुंदराबाई पदर नाकाला लावून खोकत राहिल्या. प्रीतम बाहेरून आला आणि दारातच थांबला.

"काय पेटलंय?"

"तुझ्या बायलेचा डोक्या," सुंदराबाई म्हणाल्या.

सुगंधाने पुन्हा बेसन भरलं. बटण पुढे, सोडलं; पातं निम्म्यात घुटमळलं आणि आत गेलं. पुन्हा पुढे, पुन्हा सोडलं. दर खेपेला मागच्या भोकातून पिवळी भुकटी ओट्यावर सांडायला लागली. तिने भोक आणखी मोठं केलं. घुटमळणं थांबलं.

जेवायला बसल्यावर सुंदराबाईंनी विषय सोडला नाही. "ह्यो सगळो त्या डाव्या हाताचो उपद्व्याप. गाळ्यात हसा करून घेतलंस."

"पूजेत उजवाच हात होता, आई. कुंकू त्यानेच सांडलं."

असं म्हणत सुगंधाने पळी डाव्या हातात घेतली आणि सासूच्या भातावर आमटी वाढली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. एक थेंबही ताटाबाहेर गेला नाही. सुंदराबाई ताटाकडे बघत बसल्या. मग त्यांनी ताट बोटभर पुढे सरकवलं. "माका नको."

"राहू दे," सुगंधा म्हणाली. "भूक लागली की घ्या. मी उद्यापासून असंच वाढणार आहे, आजच सांगून ठेवते."

प्रीतमने आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि आपलं ताट पुढे केलं. "मला वाढ. आमटी निवते." सुंदराबाई जेवल्या, पण सगळ्यांच्या नंतर आणि स्वतःच्या हाताने वाढून घेऊन. सुगंधाने पळी त्यांच्याकडे सरकवली. त्यांचा हात त्यांचा.

सोमवारी शेठच्या टेबलावर बाजूच्या बटणाचा नमुना तयार होता. अनिरुद्ध बसला होता, चहा आला होता. सुगंधा बाकावरून उठली, आत गेली आणि आपला कटर त्याच्याशेजारी ठेवला. भोकाच्या कडा जळून काळ्या पडलेल्या, मूठ कुंकवाने अजून गुलाबी.

"तू जागेवर जा," शेठ म्हणाले.

"जाते. आधी हे बघा."

कोपऱ्यात झाडून ठेवलेला केर होता. पुठ्ठ्याचा भुसा, प्लॅस्टिकचा चुरा, बाहेरून आलेली धूळ. तिने सुपलीभर आणला आणि शेठ "अरे अरे" करेपर्यंत दोन्ही कटरांच्या खाचांत ओतला. चहाच्या कपातही थोडा गेला. बाजूच्या बटणाचं पातं पुढे आलं आणि बाहेरच राहिलं. मिथुन दारात उभा होता, त्याने भुवई उचलली. मग सुगंधाने डाव्या हाताने आपला कटर चालवला. पहिल्या खेपेला पातं निम्म्यात थांबलं. शेठनी तोंड उघडलं. तिने बटण पुन्हा पुढे सारून सोडलं. मागून केराची रेघ टेबलावर पडली आणि पातं आत गेलं. त्यानंतर ते जातच राहिलं.

अनिरुद्धने कटर घेतला. उजव्या हातात धरून पट्टी कापली, डाव्या हातात धरून कापली, बटण सोडून बघितलं.

"मूठ जाड आहे. बारीक करा. आणि भोक नीट करा, हे काय उंदराने कुरतडल्यासारखं."

"होणार, होणार," शेठ लगेच पुढे झाले. "आमची खास आयडिया आहे साहेब. डावखुऱ्यांसाठी स्पेशल. पाकिटावर तसं छापून देतो."

"स्पेशल नाही," सुगंधा म्हणाली. "हा सगळ्यांसाठी आहे. आधीचा फक्त उजव्यांसाठी होता. ते कधी छापलं होतं का पाकिटावर?"

शेठनी तिच्याकडे असं पाहिलं की कुंदाने बाहेर हातातला ट्रे खाली ठेवला. अनिरुद्धने मात्र चहातला केर बोटाने काढून टाकला, एक घोट घेतला आणि म्हणाला, "बाई म्हणते तसं छापा. दोन्ही हातांसाठी. माझ्याकडे दोन्ही प्रकारचे लोक आहेत."

नवा मोल्ड कापला गेला. मागचं तोंड उघडं ठेवून, बटण पाठीवर घेऊन. शेठ येणाऱ्याजाणाऱ्याला नवा कटर दाखवतात तेव्हा कुणी सुचवलं हे सांगत नाहीत, आणि सुगंधा बाकावरून मोठ्याने सांगते. त्यांनी तिला एकदा म्हटलं, बाहेरच्या माणसांसमोर बोलत जाऊ नकोस. ती म्हणाली, मग त्यांच्यासमोर खोटं सांगत जाऊ नका.

नव्या कटरची जोडणी सुरू झाली त्या सकाळी ती इतरांच्या आधी आली. बाकावर सगळ्यांचे ट्रे उजव्या हाताला मांडलेले असतात, स्प्रिंगा, पाती, बटणं, या क्रमाने. तिने आपले तिन्ही उचलून डावीकडे ठेवले. कुंदा आली, नेहमीसारखी तिच्या डावीकडे बसली, आणि पहिलीच स्प्रिंग उचलताना दोघींची कोपरं एकमेकींवर आपटली.

"अगं, ट्रे होता तिथे ठेव ना," कुंदा कोपर चोळत म्हणाली. "दिवसभर काय मारामारी करायची का?"

"नाही ठेवणार."

"मग मी बसू कुठे?"

सुगंधाने डाव्या हाताने पातं खाचेत बसवलं, बटण दाबून पाहिलं, आणि मान न वळवता म्हणाली, "बाक लांब आहे. तू सरक."