विडा हातात आल्यावर

विडा हातात आला की बोलणं संपलं, हा दरबाराचा रिवाज पुण्यातलं शेंबडं पोरही सांगेल. मी मात्र विडा मुठीत धरून बोलतच राहिलो. उठू लागलेले श्रीमंत पेशवे तसेच अवघडून थांबले. शेवटी कारभारी शांतपणे म्हणाले, "अहो, आपला विडा वाळतोय." पलीकडे कोणीतरी खोकून हसू झाकलं. मी मुजरा केला. पाठ न दाखवता बाहेर पडायचं असतं, एवढं तरी नशिबानं आठवलं.

वकिली खरी आमच्या काकांची. उत्तरेत फौज घेऊन बसलेल्या एका सरदारांच्या वतीनं ते पुण्यात बोलत. मी त्यांचा लेखनिक. काका गेले, आणि नवा वकील येईतो बोलायचं काम माझ्या गळ्यात पडलं. त्याच फौजेबरोबर माझा धाकटा भाऊ सरकारी कारकून म्हणून गेलेला. गेला तेव्हा नुकतं मिसरूड फुटत होतं. त्याला परत बोलवायचा हुकूम श्रीमंतांनीच द्यायचा. इकडे आईची नजर अधू होत चाललेली. ती पुरती जाण्याआधी त्याचं तोंड दिसावं, एवढीच तिची आस.

काकांनी हे काम सहज केलं असतं. आवाज चढवणं त्यांना ठाऊकच नव्हतं. इतकं हळू बोलत, की बैठकीतली माणसं आपसूक पुढं सरकत. नर्मदेच्या उताराची, घोड्यांच्या दाण्याची गोष्ट काढत, आणि विड्यांचं तबक दाराशी दिसलं की मूळ मागणं एका वाक्यात ठेवत. उठायच्या बेतातला माणूस हुज्जत घालत नाही, असं त्यांचं म्हणणं. शनिवार पेठेतल्या आमच्या घरी रात्री जेवणं उरकली की सुपारी कातरत ते सगळं आम्हाला पुन्हा ऐकवत, श्रीमंतांच्या आवाजासकट. अडकित्ता मध्येच थांबे, तिथं आमचाही श्वास थांबे. हल्ली जेवणं झाली की जो तो मुकाट उठतो.

तेव्हा मीही तबकाची वाट पाहायचं ठरवलं होतं. तयारी दांडगी: दोन श्लोक, थोडी फारसी, श्रीमंतांच्या वाडवडिलांची स्तुती. तबक आलं तेव्हा मी नेमका दुसऱ्या श्लोकात होतो. तो अर्ध्यावर सोडणं जिवावर आलं.

घरी येऊन मी काकांच्या जागी बसलो आणि बायकोला सारं भाषण ऐकवलं. तिनं वाती वळता वळता शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, यात भावोजी कुठं आले? तिथवर पोचलोच नाही, मी म्हणालो.

तिनं हातातली वात वळून बाजूला ठेवली.

"पुढच्या खेपेला आधी एवढंच म्हणा," ती म्हणाली, "धाकट्याला घरी धाडा, आई वाट बघते. श्लोक मला म्हणून दाखवत जा. मला उठायची घाई नसते."