दर्भाचा कावळा

आमच्या गावच्या नदीला आम्ही गंगाच म्हणतो. आमची जागा तिच्या काठी, इंग्रजांनी बांधलेल्या दगडी पुलाच्या खालच्या अंगाला. बुधवारच्या बाजारी भाजी, बाकीचे दिवस फुलं. बायको हार ओवायची आणि गिऱ्हाईकाशी बोलायचीही तीच. "तुम्ही मागं बसा. तुमचं तोंड बघून झेंडू सुकतो," म्हणायची. सिंहस्थ झाला त्याच्या पुढल्या वर्षी ती गेली. मी टोपल्या घेऊन बसत राहिलो. घरी बसून तरी काय करणार?

रविवारी सकाळी एक मास्तरीण पंधरावीस माणसं घेऊन यायची. हेरिटेज वॉक म्हणायचे त्याला. पुलाच्या कमानी, इंग्रजांच्या वेळच्या इमारती, सराफ बाजाराकडं चढणारे बोळ, सगळं चालत चालत दाखवायची. पात्रातल्या दुतोंड्या मारुतीपाशी आली की मला हाक मारायची, "आता पुराचं काका सांगतील." मी चौथी शिकलेला माणूस. पण मारुतीच्या कुठवर पाणी आलं की टोपल्या उचलायच्या आणि कुठवर आलं की सराफांनी दुकानं रिकामी करायची, हे मला पाठ. लोक वहीत लिहून घ्यायचे.

एका रविवारी माझं सांगून झालं आणि शेजारीच कुणाचं तरी दहावं चाललेलं त्यांना दिसलं. पिंड मांडलेला, घरचे हात जोडून वर बघत उभे. मास्तरीण हळू आवाजात म्हणाली, "गेलेल्याची इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही. मग घरचे एकेक जण शब्द देतात."

"आणि तरी नाही शिवला तर?" पांढऱ्या बुटातल्या एकानं विचारलं.

"मग दर्भाचा कावळा करून शिववतात."

"म्हणजे शॉर्टकट आहे!"

सगळे हसले. तीही हसली.

बायकोच्या दहाव्याला दीड तास कावळा आला नव्हता. मेव्हणा म्हणाला, "आक्का, दाजींकडं आम्ही बघू." मुलगा म्हणाला, तुझा मळा विकणार नाही. सून म्हणाली, देवीला वणीला जाऊन येऊ. कावळे वर बसून बघत होते. खरं काय ते एकट्या मला ठाऊक होतं. लेकीनं दुसऱ्या जातीत लग्न केलं, तेव्हा मी तिला उंबरा बंद केला. नऊ वर्षं झाली होती. ती राहायची द्वारका चौकाजवळ, रिक्षानं दहा मिनिटं. दवाखान्यात बायको म्हणाली होती, "अहो, एवढं एक करा. तिला घरी आणा." दहाव्याला लेक वर पुलाच्या कठड्याला धरून उभी होती. मला दिसत होती. पण चाळीस माणसांत ते बोलायचं म्हणजे आपण चुकलो म्हणायचं. मी पाण्याकडं बघत राहिलो. गुरुजींनी गवताचा कावळा केला आणि आम्ही घरी आलो.

त्या बुटवाल्याला मी म्हणालो, "शॉर्टकट नाय साहेब. ज्याला इच्छा ठाऊक असते ना, तो मुकाट उभा राहतो, म्हणून करावा लागतो. माझ्या बायकोच्या दहाव्याला तसाच केला. गप्प राहिलो तो मी."

मास्तरीण म्हणाली, "काका, जरा बसा." मी बसलो नाही. शेजारच्या फुलवालीला टोपल्यांकडं बघ म्हणालो आणि रिक्षा केली.

दार लेकीनंच उघडलं. हात कणकेचे.

"तुझ्या आईनं तुला घरी बोलावलंय," मी म्हणालो.

"आई जाऊन आठ महिने झाले, आप्पा."

"मला निरोप द्यायला उशीर झाला."

"उशीर नाही. तुम्ही दिलाच नाही," ती म्हणाली आणि आत गेली. दार मात्र लावलं नाही. मी पायरीवर बसलो. बऱ्याच वेळानं तिनं पाण्याचा तांब्या आणून शेजारी ठेवला.

घरी ती अजून आलेली नाही. मी दर रविवारी जातो. आता आत बस म्हणते.