दोघांचा एकच आकडा

पेणच्या मूर्तींच्या कारखान्यात चंद्रावतीचा शब्द शेवटचा. मूर्ती कुणीही ओतो, रंग कुणीही मारो, डोळ्यांची आखणी मात्र तिचीच. देवाला नजर देणारी ही बाई उंचीला जेमतेम साडेचार फूट आणि वजनाला अडतीस किलो. कारखान्यातल्या बायका चिडवायच्या, "तुला फडक्यात बांधून नेता येल गो!" तीही हसायची.

यंदा मात्र हसतानाही धाप लागायला लागली. छाती मधूनच धडधडायची, हातातला ब्रश थरथरायचा. तीस वर्षं ज्या हातानं देवाला नजर दिली तो हातच गेला तर आपलं उरायचं काय, ही धास्ती तिनं कुणाला बोलून दाखवली नाही.

एका मंडळानं तपासणी शिबिर भरवलं, तेव्हा नवरा नाथाच तिला घेऊन गेला. नाथा डोलवीला ठेकेदाराकडे कामाला. सहा फुटी, नव्वद किलोचा गडी. दोघांच्याही हृदयाची सोनोग्राफी झाली. गर्दी इतकी, की उंची-वजनाचे रकाने कोरेच राहिले. फुप्फुसांतून आलेलं रक्त हृदयाच्या ज्या डाव्या, वरच्या कप्प्यात जमतं, तो दोघांचाही पन्नास मिलिलीटर निघाला. दोघांच्याही कागदावर शेरा पडला, नॉर्मल.

नाथा खूश. "बग, तुजा पन्नास नि माजा बी पन्नास. मना काय झालाय? मंग तुला काय व्हनार? उगाच मनाचे खेल!"

काही नवऱ्यांची जातच अशी. स्वतःचं पोट भरलं की घरात कुणालाच भूक नसते.

दुसऱ्या दिवशी चंद्रावती फूटभर मूर्तीची आखणी करत होती आणि शेजारी सहा फुटी मूर्ती सुकत होती. त्या मूर्तीचा डोळा या मूर्तीला काढला तर देव घाबरलेला दिसेल. डोळा मोठा की लहान हे मूर्ती बघून ठरतं, असं ती नव्या पोरींना रोज बजावायची. मग आपला पन्नास कुणी काय बघून ठरवला? ती ब्रश पाण्यात टाकून उठली.

तिची बहीण रंभा रोह्याजवळ वरसे गावात राहायची. तिच्या ओळखीनं रोह्याच्या डॉक्टर ऋजुता भेटल्या. नाथा कुरकुरत का होईना, सोबत आला.

"बाई, एक इचारू?" चंद्रावतीनं दोन्ही कागद टेबलावर मांडले. "ह्यांचा पन्नास, माजा बी पन्नास. पन ह्यांच्या अंगात माज्यासारख्या दोघी मावतील. मंग माज्या अंगाला ह्यो पन्नास मोठा नाय का?"

डॉक्टरबाईंनी कागदांवरचे उंची-वजनाचे कोरे रकाने पाहिले. मग त्यांनी दोघांचीही उंची मोजली, वजन घेतलं, हिशेब केला. नाथाच्या देहाला तो कप्पा बेताचाच होता. तिच्या देहाला चांगलाच फुगलेला. ईसीजीची पट्टी काढली तर ठोके मधूनच ताल सोडत होते.

"या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत गेली असती तर लकवा मारला असता," त्या म्हणाल्या. "वेळेत आलात. आजपासून गोळ्या सुरू करू, आणि कप्पा का फुगला तेही शोधू."

बाहेर आल्यावर नाथा बाकावर बसला.

"तीस वर्सं संसार केला," तो म्हणाला, "पन तू येवढीशी हायस, ह्या माज्या ध्यानातच नाय आला गो."

इतका वेळ धीरानं उभ्या असलेल्या चंद्रावतीला तेव्हा कुठं रडू फुटलं.