बेटावर गेलेली गाठोडी

बंगालकडच्या एका बेटाला चक्रीवादळाने झोडपलं, तेव्हा आमच्या कॉलनीने तिथल्या लोकांसाठी तांदूळ गोळा केला. बांधाबांध माझ्याकडे होती. मी पन्नास किलोची पोती शिवून घेतली आणि प्रत्येकावर सुवाच्य अक्षरात पत्ता लिहिला. ट्रक संध्याकाळी आमच्या शहरातल्या द्वारका चौकातून निघणार होता.

दुपारी तिकडच्या कार्यकर्त्याचा फोन आला. बेटावरचा धक्का वाहून गेला होता. होडी किनाऱ्याच्या अलीकडेच थांबणार आणि पुढे गुडघाभर चिखलातून माल डोक्यावर न्यावा लागणार. मी पोत्यांकडे बघत बसलो.

"अहो, यातलं एक डोक्यावर घेऊन अंगणात चालून दाखवा बरं," पत्नी म्हणाली. "पत्ता मात्र छान लिहिलाय हं."

ती पेठ या डोंगराळ तालुक्यातली. लहानपणी तिने डोंगरातून भाताची ओझी वाहिली होती. तिने सगळी पोती उसवली, शेजारणींकडून जुन्या साड्या मागवल्या आणि एका बाईला पेलतील एवढीच गाठोडी बांधायला घेतली. मीही बसलो. माझं पहिलं गाठोडं तिने उचललं आणि ते तिथेच सुटलं.

"एवढी पुस्तकं वाचलीत, गाठ कशी मारतात ते एकातही नव्हतं का?"

ट्रक वेळेवर निघाला. काही दिवसांनी पत्र आलं. सगळी गाठोडी बेटावर पोचली होती, फक्त एक चिखलात सुटलं होतं. ते माझंच, असं ती शेवटपर्यंत सांगायची आणि मी कधीच कबूल झालो नाही. ती गेल्यापासून मात्र कोणी विचारलं, तर मीच सांगतो, ते माझं होतं.